पोटगीचा अर्ज कसा लिहावा



कौटुंबिक न्यायालयात वकिली शिकायला येणाऱ्या मुलामुलींना क्रूरतेवरचे निवाडे पाठ असतात. अंतरिम पोटगीचा अर्ज लिहा म्हटलं, की हात थांबतो. कोणत्या कायद्याखाली, कोणत्या न्यायालयात, किती रुपये मागायचे आणि कशाच्या आधारावर? दोष मी त्यांना देत नाही. हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. पण कुटुंब कायद्यात माणसाच्या हाती जे पडतं, ते बहुतेक वेळा याच अर्जातून पडतं. अंतिम निकाल लागेपर्यंत मांडीवरचं मूल शाळेत जायला लागलेलं असतं.

हुकुमाच्या पुढे काय होतं, हे किती महत्त्वाचं असतं ते मुंबईने फार पूर्वी पाहिलं आहे. रखमाबाईंनी नांदायला यावं म्हणून त्यांच्या पतीने १८८४ मध्ये दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, पण अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. पुढे पैसे देऊन तडजोड झाली. नांदण्याचा दावा हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही आहे. मात्र त्या हुकुमाच्या अंमलबजावणीत आता तुरुंग नाही, मालमत्तेची जप्ती आहे. दावा तोच राहिला, कार्यपद्धती बदलली आणि बाईच्या डोक्यावरची तलवार दूर झाली.

कुटुंबाच्या तंट्यांसाठी वेगळं न्यायालय हवं, हा आग्रह दुर्गाबाई देशमुखांनी १९५३ च्या चीन दौऱ्यानंतर धरला. कायदा यायला १९८४ उजाडलं. या कायद्याने कार्यपद्धती मुद्दाम सैल केली. कलम ९ प्रमाणे न्यायाधीशाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा. कलम १३ प्रमाणे वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. कलम १४ प्रमाणे पुराव्याच्या कायद्यात न बसणारा कागदही न्यायालय उपयोगी वाटल्यास पाहू शकतं. हेतू उत्तम होता आणि मी त्याच्या बाजूची आहे. पण सैल पद्धत शिकायला अवघड असते, कारण ती पुस्तकात सापडत नाही. त्यात कलम ११: एका पक्षकाराने जरी मागणी केली, तरी सुनावणी बंद दाराआड घ्यावी लागते. ते योग्यच आहे. परिणाम असा, की विधी महाविद्यालयातल्या मुलाला मागच्या बाकावर बसून हे काम पाहता येत नाही आणि पक्षकार बाई कायदा शिकते ती बाहेरच्या बाकावर, शेजारी बसलेल्या दुसऱ्या बाईकडून. बाकावरच्या शिकवणीत अर्धं खरं असतं आणि अर्धं घातक.

पोटगीला दारं अनेक आहेत. हिंदू विवाह कायद्याचं कलम २४. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा. आणि कोणत्याही धर्माच्या बाईला खुलं असलेलं फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे. एका दारातून काही मिळालं असेल, तर दुसऱ्या दारात ते सांगावंच लागतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं ठरवलं.

हे प्रतिज्ञापत्र म्हणजे या वकिलीचा कणा. शेतकरी कुटुंबांसाठी त्याचा वेगळा नमुना आहे, आणि आपल्याकडे खरी कसोटी तिथेच लागते. सातबारा सासऱ्याच्या नावावर, जमीन कसतो मुलगा, आणि कैफियतीत येतं: ‘मला उत्पन्न नाही.’ अशा वेळी साखर कारखान्याचं ऊसबिल, डेअरीचं दूधबिल, अडत्याची पट्टी कुणाच्या खात्यावर जमा होते ते शोधायचं आणि ते कागद न्यायालयाने मागवावेत म्हणून अर्ज द्यायचा. छळाच्या वर्णनाची वीस पानं जे करत नाहीत, ते एक दूधबिल करतं. आणि ती वीस पानं दोन्ही घरांना आयुष्यभर पुरतात. मी शिकाऊ वकिलांना सांगते, तारीख आणि प्रसंग लिहा, विशेषणं गाळा.

आदेश झाला म्हणजे पैसे आले, असंही नाही. कलम १४४ खाली थकलेल्या पोटगीच्या वसुलीचं वॉरंट हवं असेल, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ‘तो देईल, मुलीचा बाप आहे’ म्हणून वाट पाहणाऱ्या किती बायकांचे महिने असे वाया गेले आहेत! वॉरंटनंतरही पैसे आले नाहीत, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. नवऱ्याला आत घालण्यात कुणाला आनंद नसतो; पण वसुलीचा अर्ज पडला, की पैसे भरले जातात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मुलाच्या ताब्याबद्दल एवढंच सांगते: १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखालचा ताब्याचा अर्ज मूल जिथे सर्वसाधारणपणे राहतं तिथल्या न्यायालयात करायचा. मूल उचलून गाव बदलल्याने खटला सोपा होत नाही.

आणि पैसे नाहीत म्हणून वकील नाही, असं कुणी म्हणत असेल, तर तिला विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात पाठवा. ते जिल्हा न्यायालयात असतं, तालुक्याला समिती असते. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते. जाताना लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, शाळेच्या आणि दवाखान्याच्या पावत्या आणि नवऱ्याच्या कमाईबद्दल जो काही कागद हाती असेल तो, सगळं एका पिशवीत घालून न्यायला सांगा.