मोटारसायकलींची मदतफेरी आणि तिचा हिशेब

(तरुण मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो प्रथमदर्शनी हौसेचा वाटण्याचा संभव आहे. शे-दोनशे माणसांनी मोटारसायकलींवर बसून शहरातून फेरी काढावयाची आणि त्या निमित्ताने एखाद्या रुग्णाकरिता, रुग्णालयाकरिता किंवा अन्य चांगल्या कार्याकरिता पैसा जमवावयाचा, असा हा प्रकार आहे. पूरग्रस्तांसाठी झोळी घेऊन निघणारी मदतफेरी आपणांस माहीत आहे. ही तिचीच चाकांवरची बहीण. आपल्या वस्त्यांतील तरुणांपाशी आज मोटारसायकली आहेत. त्यांतील पुष्कळशा हप्त्याने घेतलेल्या आहेत, हेही मी जाणतो. या तरुणांना अशा फेऱ्यांची आमंत्रणे येत आहेत आणि काही मंडळे स्वतःच फेरी काढण्याच्या विचारात आहेत. त्यांनी त्यांत भाग घ्यावा काय, असा प्रश्न मला विचारण्यात आला आहे.

माझे उत्तर असे की, अवश्य घ्यावा. परंतु जी फेरी आपला हिशेब देत नाही, तिच्यात कोणीही सामील होऊ नये. या उत्तराची कारणे मी आपणांपुढे मांडणार आहे.

एका फेरीचा इतिहास

अशा फेऱ्यांपैकी जगभर पसरलेली एक फेरी ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात २०१२ साली सुरू झाली. तिचे नाव ‘डिस्टिंग्विश्ड जंटलमन्स राइड’, म्हणजे प्रतिष्ठित सद्गृहस्थांची फेरी. मार्क हव्वा हे तिचे संस्थापक. दूरचित्रवाणीवरील एका मालिकेचा नायक उत्तम सूट घालून जुन्या घडणीच्या मोटारसायकलवर बसला आहे, असे एक छायाचित्र त्यांच्या पाहण्यात आले आणि त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. मोटारसायकलस्वार म्हटला की तो दांडगा, बेशिस्त आणि लोकांना उपद्रव देणारा, अशी समजूत त्या देशांतही होती. ती खोडून काढावी, हा पहिल्या फेरीचा उद्देश होता. स्वारांनी कोट आणि टाय घालावा, जुन्या धाटणीची गाडी घ्यावी आणि शांतपणे शहरातून जावे, एवढेच ठरले. त्या पहिल्या वर्षी ६४ शहरांतून सुमारे २,५०० स्वार निघाले.

बंधूंनो, येथे एक गोष्ट लक्षात घ्या. पहिल्या वर्षीची ही फेरी पैशाकरिता नव्हती. लोकांचा विश्वास आधी मिळविला गेला आणि पैसा मागण्यास त्यानंतर, म्हणजे २०१३ साली, सुरुवात झाली. त्या वर्षी प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाच्या कार्यासाठी सुमारे २ लाख ७७ हजार डॉलर जमले. २०१४ साली तीच रक्कम सुमारे १५ लाख डॉलरवर गेली. पुढे ‘मोव्हेंबर’ या संस्थेशी या फेरीचा संबंध जुळला. ही संस्था २००३ साली मेलबर्न येथे नोव्हेंबर महिन्यात मिशा वाढविण्याच्या एका विनोदी संकल्पातून जन्मास आली आणि आज पुरुषांच्या आरोग्याचे गंभीर कार्य करीत आहे. आपल्या देशात मुंबई, पुणे यांसारख्या शहरांतूनही ही फेरी निघालेली आहे. नाव सद्गृहस्थांचे असले तरी स्त्रियाही आपापल्या गाड्या घेऊन तीत भाग घेतात.

या फेरीत पैसा कसा जमतो, तेही पाहण्याजोगे आहे. प्रत्येक स्वार आपले नाव नोंदवितो. त्याच्या नावाचे एक स्वतंत्र पान उघडले जाते. तो आपले मित्र, नातेवाईक आणि सहकारी यांस पत्र पाठवून मदत मागतो. देणारा माणूस त्या पानावर थेट रक्कम भरतो आणि कोणी किती जमविले हे सर्वांना दिसते. पैसा स्वाराच्या खिशातून फिरून पुढे जात नाही, ही त्या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. २०२० साली साथीमुळे एकत्र जमणे अशक्य झाले, तेव्हा ‘एकेकटे निघा’ असे आवाहन करण्यात आले आणि स्वार एकेकटे निघाले. गर्दी नव्हती, तरी फेरी झाली.

पेट्रोल जाळून दान कशाला?

आपल्यातील काही वडीलधारी मंडळी विचारतील की, पेट्रोलला घातलेला पैसाच रुग्णाला का देऊ नये? आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. एका तरुणाच्या टाकीतील पेट्रोलची किंमत ती काय! तेवढ्याने शस्त्रक्रिया होत नाही. परंतु तोच तरुण फेरीच्या निमित्ताने वीस-पंचवीस ओळखीच्या माणसांकडे गेला, तर एका माणसाची कणव पंचवीस घरांत पोहोचते. फेरी हे मागण्याचे निमित्त आहे. मात्र यावरून एक नियमही निघतो. पेट्रोल, न्याहारी आणि अंगातील छापील सदरा यांचा खर्च स्वाराने स्वतः करावा. जमलेल्या निधीला त्याकरिता हात लावू नये.

दुसरेही एक कारण आहे. आपल्या देशात आत्महत्या करणाऱ्यांत पुरुषांची संख्या स्त्रियांपेक्षा पुष्कळ अधिक आहे. पुरुष आपले दुःख बोलत नाही. घरात बोलावे तर कर्तेपणाला उणेपणा येतो आणि कामावर बोलावे तर नोकरीची भीती वाटते. समोरासमोर बसून जो माणूस बोलत नाही, तो चहाच्या टपरीपाशी गाड्या उभ्या केल्यावर, शेजारी उभा राहून बोलतो. उपर्युक्त फेरीने पुरुषांच्या मानसिक आरोग्याचा विषय हाती घेतला, तो याच जाणिवेने. भगिनींनो, तुमचा मुलगा किंवा पती अशा फेरीला जात असेल, तर ती केवळ उनाडकी आहे असे समजू नका.

हिशेब नसेल तर काय होते

आता माझ्या कचेरीत आलेले एक प्रकरण सांगतो. एक विधवा बाई माझ्याकडे आल्या. त्यांचा लहान मुलगा दीर्घ आजारी होता. एका मंडळाने त्याच्याकरिता मोटारसायकलींची फेरी काढली. मुलाचे छायाचित्र प्रत्येक गाडीच्या पुढे लावले होते. गावभर वर्गणी झाली. बाईंच्या हाती शेवटी जी रक्कम आली, ती लोकांच्या तोंडी असलेल्या आकड्यापुढे फारच थोडी होती. शेजारी म्हणू लागले की, बाईला गडगंज पैसा मिळाला. वाण्याने उधार बंद केले आणि भावकीतील लोक उसने मागू लागले. बाई मला म्हणाल्या, “वकीलसाहेब, मला पैसा नको. किती जमले आणि मला किती दिले, एवढे लिहून द्यायला सांगा.”

मी मंडळास नोटीस दिली. मुले माझ्याकडे आली. ती चोर नव्हती. सदरे, ध्वनिक्षेपक, जेवण आणि पेट्रोल यांत निधीचा मोठा भाग खर्च झाला होता. पावती पुस्तक नव्हते. कोणी किती दिले याची नोंद नव्हती. त्यांचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण चांगल्या हेतूने त्या बाईची अब्रू वाचली नाही; जमाखर्चाच्या एका वहीने ती वाचली असती.

आपल्या समाजाला हे दुःख नवे नाही. उपकार म्हणून टाकलेले आपण पिढ्यान्‌पिढ्या घेतले आहे आणि घेताना मान कशी खाली जाते हे आपणांस कोणी शिकवावयास नको. मग आपणच दुसऱ्याच्या लेकराचे छायाचित्र गाडीला बांधून रस्तोरस्ती मिरवावयाचे काय? ज्याच्याकरिता फेरी आहे, त्याची किंवा त्याच्या पालकांची लेखी संमती घेतल्याखेरीज त्याचे नाव, आजार अथवा छायाचित्र प्रसिद्ध करू नका. संमती मिळाली तरीही छायाचित्राची गरज आहे काय, याचा पुन्हा विचार करा.

कायदा काय म्हणतो

शांततेने आणि निःशस्त्र एकत्र जमण्याचा, तसेच देशभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क भारतीय संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकास दिला आहे. फेरी काढणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. परंतु या हक्कांवर कायद्याने वाजवी निर्बंध घालता येतात. म्हणून मार्ग, वेळ आणि गाड्यांची अंदाजे संख्या पोलिसांना आगाऊ लेखी कळवावी, परवानगी घ्यावी आणि अर्जाची पोच जपून ठेवावी.

पैशाबाबत सांगावयाचे तर, तुमचे मंडळ नोंदलेला सार्वजनिक विश्वस्त निधी नसेल, तर धर्मादाय कार्याकरिता वर्गणी गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ सी कडे लक्ष दिले पाहिजे. गणेशोत्सवाची मंडळे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परवानगी काढतात, ती याच कलमाखाली. याहून सोपा मार्ग असा की, एखाद्या नोंदणीकृत संस्थेचे खाते निवडावे आणि देणाऱ्यांनी त्या खात्यातच रक्कम भरावी. देणाऱ्यास आयकराची सवलत हवी असेल, तर संस्था त्यासाठी मान्यताप्राप्त असावी लागते, आणि दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही.

गाडीबाबत मोटार वाहन अधिनियम, १९८८ स्पष्ट आहे. शिरस्त्राण चालविणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्यानेही घातले पाहिजे. मागे एकापेक्षा अधिक माणूस बसविता येत नाही. सार्वजनिक रस्त्यावर शासनाच्या लेखी संमतीवाचून शर्यत लावणे हा गुन्हा आहे; शर्यतीला मदतफेरीचे नाव दिल्याने ती मदतफेरी होत नाही.

विम्याचा मुद्दा मी मुद्दाम सांगतो, कारण त्याच्या अज्ञानाने घरे बुडतात. कायद्याने सक्तीचा केलेला विमा हा त्रयस्थाकरिता आहे. तुमच्या गाडीने रस्त्यावरील माणसास इजा झाली, तर तो भरपाई देतो. परंतु केवळ कायद्यापुरता विमा असेल, तर दुचाकीवर मागे फुकट बसलेल्या माणसाची जोखीम त्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला आहे. तुमच्या मागे तुमची बहीण किंवा मित्र बसणार असेल, तर पॉलिसी उघडून वाचा. तिच्यात मागे बसणाऱ्याचे संरक्षण नसेल, तर त्याला फेरीत नेऊ नका.

आणखी एक. वाटेत कोणाचा अपघात झालेला दिसला, तर फेरी थांबवा. जखमीस सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे संरक्षण २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम १३४ ए मध्ये आहे. त्याने आपले नाव सांगितलेच पाहिजे, अशी सक्तीही करता येत नाही. माणूस रस्त्यात पडलेला असताना मदतफेरी त्याच्या बाजूने निघून गेली, तर ती मदत कोणाची?

फेरीनंतरचे काम

इंग्लंडमध्ये स्वयंसेवक मोटारसायकलस्वारांची एक परंपरा आहे. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी ते एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात रक्त, तपासणीचे नमुने, इतकेच नव्हे तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांकरिता मातांनी दिलेले दूधही पोहोचवितात. रुग्णालयाकडून ते मोबदला घेत नाहीत. अशा गटांची राष्ट्रव्यापी संघटना २००८ साली स्थापन झाली. हे स्वार वाहन चालविण्याचे वरच्या दर्जाचे शिक्षण घेतात, कारण वेड्यावाकड्या धावण्याने रक्त लवकर पोहोचत नाही. त्यांच्यामागे मिरवणूक नसते. काळोख्या रस्त्यावर एक माणूस आणि एक पेटी, एवढीच ती फेरी. वर्षातून एकदा फेरी काढणाऱ्या मंडळाने उरलेल्या दिवसांत काय करावे, याचे हे एक उत्तर आहे. वस्तीतील वृद्धाचे औषध आणणे आणि रात्री रक्तदात्याला रक्तपेढीपर्यंत नेणे, ही कामे आपल्या तरुणांना आजही करता येतील.

बंधूंनो, आमंत्रण आले की पुढील प्रश्न विचारा. पैसा कोणाच्या खात्यात जाणार? पावती मिळणार काय? खर्च कोण सोसणार? अपघात झाला तर जबाबदारी कोणाची? ज्याच्याकरिता फेरी आहे, त्याची संमती घेतली आहे काय? उत्तरे लेखी मिळाली तर आनंदाने जा. उत्तरांऐवजी राग मिळाला, तर गाडी घरी ठेवा आणि आपली देणगी रुग्णालयाच्या खिडकीवर नेऊन भरा.

तुमची स्वतःची फेरी असेल, तर आठ दिवसांच्या आत जमा, खर्च आणि पोहोचती केलेली रक्कम एका कागदावर लिहून वस्तीच्या फलकावर लावा. त्याची एक प्रत ज्या घराकरिता फेरी काढली त्या घरी स्वतः नेऊन द्या. त्या घरातील बाईला कोणी विचारले की तुला किती मिळाले, तर तिने तो कागद पुढे करावा आणि ताठ मानेने दळण आणावयास जावे. एवढे आपण करू शकलो, तर पुढच्या वर्षी वर्गणी मागण्यास जाताना आपणांस दारे उघडी मिळतील.