यंत्राची तक्रारवही



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानमालेत येतो तो पगार, बोनस आणि संप यांवर बोलण्यासाठी, अशी आपली समजूत असेल. मी आज बोलणार आहे ते संगणक आपली चूक कोठे लिहून ठेवतो, याविषयी. विषय इंजिनियरांचा आहे आणि माझे शिक्षण बहुतेक शाळेबाहेरच झाले. परंतु हौसेने मी या विषयाकडे वळलो नाही. तेवीस माणसांच्या मजुरीने मला तिकडे ओढून नेले.

एका कारखान्यात दरवाजाजवळच्या यंत्रावर बोट टेकवून हजेरी लागत असे. पावसाळ्यातल्या एका रात्री तेवीस जणांनी बोट टेकविले, हिरवा दिवा लागला, सर्वांनी पाळी भरली. महिनाअखेर पाहतात तो पगारपत्रकात सर्वांचा खाडा! विचारावयास गेलो तर साहेब म्हणाले, "संगणक खोटे बोलत नाही." मीही घटकाभर निरुत्तर झालो, हे कबूल केले पाहिजे.

पुढे समजले की, ती हजेरी दरवाजावरील यंत्रात राहतच नव्हती. ती कचेरीतल्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, लिहिली जात होती. दुसऱ्या यंत्रावरची फाईल आपल्याच घरची असल्यासारखी वापरता यावी, ही सोय अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ च्या सुमारास केली. तिला एनएफएस म्हणतात.

आता असे समजा की, गावी तलाठी आहे आणि दप्तर दिंडोरीच्या तहसील कचेरीत आहे. त्याने कागद देऊन माणूस पाठविला आणि वाटेत कादवेला पूर आला. तलाठ्यापुढे दोन मार्ग आहेत. पूर ओसरेपर्यंत माणसाला पुन्हा पुन्हा पाठवीत राहावयाचे, किंवा ठरावीक खेपा करून नाद सोडावयाचा. लिनक्स प्रणालीत हेच दोन मार्ग आहेत. पहिल्याला हार्ड म्हणतात, दुसऱ्याला सॉफ्ट. पहिल्या मार्गात यंत्र आपल्या नोंदवहीत लिहिते, अमुक सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे. उत्तर आले की लिहिते, सर्व्हर ठीक. दुसऱ्या मार्गात लिहिते, उत्तर नाही, मुदत संपली. आणि काम सांगणाऱ्या प्रोग्रामला चूक कळविते.

खरी गोम पुढेच आहे. लिहिलेला मजकूर त्याच क्षणी सर्व्हरवर पोचतो असे नाही. वेग राहावा म्हणून तो आधी जवळच्या स्मृतीत साठतो आणि मागाहून रवाना होतो. त्यामुळे "लिहिले" हे उत्तर आधी मिळते आणि "पोचले नाही" हे मागाहून, पुष्कळदा फाईल बंद करताना, कळते. ते ऐकून घेण्याची तसदी हजेरीच्या प्रोग्रामने घेतलीच नव्हती. हिरवा दिवा लावून तो मोकळा झाला होता!

आमच्यातल्या एका तरुणाने हट्टाने दरवाजावरील यंत्राची नोंदवही उघडावयास लावली. तीच रात्र, तीच वेळ, आणि ओळीमागून ओळ, "मुदत संपली". मजुरी मिळाली. पण जुन्या नोंदी पुसून टाकण्याचा तेथे शिरस्ता होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर आमचा एकुलता साक्षीदार नाहीसा झाला असता.

लिनक्सच्या गाभ्यात नोंदींच्या आठ पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे अगदी आणीबाणी, सात म्हणजे कारागिराने तपासणीपुरती केलेली टिपणे. एकच ओरड हजारदा लिहून वही भरू नये म्हणून काही नोंदींना लगामही असतो. साधारणतः पाच सेकंदांत दहा ओळी. त्यापुढच्या ओळी गाळल्या जातात, पण किती गाळल्या तो आकडा लिहिला जातो. गाळले तरी दडविले नाही, ही रीत मला फार आवडली. ती पुष्कळ कचेऱ्यांनी शिकण्यासारखी आहे.

नोंद दडविली म्हणजे काय होते, ते ब्रिटनने पाहिले. १९९९ पासून तेथील टपाल कचेऱ्यांत होरायझन नावाची संगणकप्रणाली आली. हिशेबात तूट दिसू लागली आणि ती कचेरी चालविणाऱ्या पोस्टमास्तरांच्या माथी मारली गेली. नऊशेहून अधिक माणसे दोषी ठरली. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा २०१० साली गरोदर असताना तुरुंगात गेल्या. त्यांच्यावरील ठपका २०२१ साली रद्द झाला. या सर्व काळात प्रणाली सांभाळणाऱ्यांपाशी माहीत असलेल्या चुकांची एक नोंदवही होती. ती न्यायालयापुढे यावी यासाठी पोस्टमास्तरांना झगडावे लागले. २०१९ च्या निकालात प्रणालीतील दोष सिद्ध झाले.

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत. पगाराचा वाद मिटेपर्यंत यंत्राची नोंदवही पुसू नये. तिची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर असावी, कारण बिघडलेल्या यंत्रातली वही त्याच्याबरोबरच बुडते. आणि ज्याच्या मजुरीवर ती बोलते, त्या कामगाराच्या प्रतिनिधीला ती पाहता यावी. आपल्या पोरांनी ती वाचावयास शिकले पाहिजे, हे काम मात्र आपले आहे.

संगणक खोटे बोलत नाही, हे साहेबांचे म्हणणे मला मान्य आहे. मग त्याचे सगळे म्हणणे ऐकून घ्या, एवढेच मागणे आहे.