उतरून काय सांगू घरी?

आज हप्ता नाही, परतफेड नाही, लेख्यांची वहीही नाही. आज बोलायचं आहे फिरण्याबद्दल. काम नसताना फिरण्याबद्दल.

शहरातले काही लोक आता कॅराव्हॅन घेऊन फिरतात. कॅराव्हॅन म्हणजे चाकावरचं घर. गाडीतच पलंग, शेगडी आणि संडास. २०२१ मध्ये आपल्या राज्य शासनाने या गाड्यांसाठी पर्यटन धोरणही आणलं. पण या गाडीची खरी मजा पलंगात नाही. एखादं गाव आवडलं की थांबायचं, बाजारातून चक्कर मारायची, चहा प्यायचा, मन भरलं की पुढे निघायचं, ही खरी मजा. आपल्याकडे प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला जुनी माणसं बैलबंडीने जायची. तांदूळ, डाळ, गंज सोबत. वाटेत झाडाखाली चूल मांडायची. तेही चाकावरचं घरच होतं की!

आता आपण बाया घराबाहेर कधी पडतो ते मोजून पाहा. दवाखाना, बँक, तहसील, माहेर, लग्न, मयत. प्रत्येक फेरीला काम असतं, आणि काम झालं की परतीची बस.

आमच्या गटात साठी ओलांडलेल्या एक मावशी आहेत. माहेर अर्जुनी मोरगावकडचं, सासर गोरेगाव तालुक्यातलं. चाळीस वर्षं त्यांची बस नवेगावबांधवरून जाते. पण तलाव त्यांनी कधी पाहिला नव्हता. मी विचारलं, "का हो मावशी?" त्या म्हणाल्या, "उतरून काय सांगू घरी?"

मैत्रिणींनो, त्यांच्या या प्रश्नावरूनच आमची सहल ठरली. धान चुरून झाल्यावर, जानेवारीत, आम्ही अकरा जणी गोरेगावहून सकाळच्या एसटीने निघालो. एकच नियम ठेवला, घाई करायची नाही.

पहिला थांबा कोहमारा. इथे आपला रस्ता मुंबई-कोलकाता महामार्गाला मिळतो. एरवी आपण इथे पिशव्या सांभाळत दुसऱ्या गाडीसाठी धावतो. त्या दिवशी एक बस मुद्दाम जाऊ दिली. गरम आलूबोंडे खाल्ले, चहा घेतला आणि कोणत्या राज्यांचे ट्रक जातात ते पाहत बसलो. पुढे बांध्यांमध्ये लाखोळी फुललेली. रोवणीला कंबर वाकवून ज्या बांध्या आपण तुडवतो, त्याच बांध्या खिडकीतून पाहताना वेगळ्या दिसत होत्या.

दुसरा थांबा नवेगावबांध. हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. लोकांनी पुढे त्यांनाच कोलासूर देव म्हणून पुजलं. तलावाभोवतीच्या सात डोंगरांना सातबहिणी म्हणतात. आमच्यातल्या दोघी-तिघी तर ते डोंगर मोजतच बसल्या. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले आणि त्यांनी 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक लिहिलं. हिवाळ्यात इथे दूरदेशीचे पक्षी उतरतात. आपण मात्र जवळ राहून इथे उतरत नाही.

काठावर डबे उघडले. भाकर, जवसाची चटणी, वांग्याची भाजी. मावशी बराच वेळ पाण्याकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "एवढं मोठं पाणी! अन् मी चाळीस वर्षं खिडकीतून धूळच पाहत गेली."

तिसरा थांबा अर्जुनी. बाजारात फेरफटका मारला, पोरांसाठी भातकं घेतलं आणि उजेड असतानाच परतीची बस धरली.

आता खर्चाचं बोलू. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, वयाचा पुरावा मात्र जवळ ठेवायचा. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते. डोंगरगड किंवा बालाघाटला जाताना हे लक्षात असू द्या. आम्ही दर महिन्याला २० रुपये वेगळे टाकतो, वर्षाचे एकीचे २४० होतात. हा पैसा गटाच्या बचतीत मिसळायचा नाही, त्याची वेगळी नोंद ठेवायची.

कॅराव्हॅनमधल्या एकाच गोष्टीचा मला हेवा वाटतो. तो म्हणजे संडास. प्रवासात अडचण नको म्हणून कितीतरी बाया सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाहीत. डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते. तसं करू नका. बसस्थानकावर उतरल्याबरोबर आधी महिलांचं स्वच्छतागृह शोधा. कुलूप असेल तर नियंत्रकांकडे जाऊन उघडून मागा. एकटीला संकोच वाटतो, अकरा जणींना वाटत नाही.

आणखी दोन गोष्टी. शेवटच्या बसची वेळ आदल्या दिवशी विचारून वहीत लिहा. आणि दिवसाला दोन-तीनच थांबे ठेवा. जास्त ठेवले की पुन्हा धावपळ सुरू, मग ती सहल राहत नाही.

घरी काय सांगायचं, हा प्रश्न राहिलाच. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, नवऱ्याने विचारलं, "काम काय होतं?" आम्ही सगळ्यांनी एकच उत्तर ठरवलं होतं. "काम नव्हतं. तलाव पाहायचा होता, पाहून आलो." दोन घरी कुरकुर झाली. एका घरी सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी मलाही न्या."

पुढच्या महिन्याच्या बैठकीत कर्जवाटप झालं की पाच मिनिटं काढा. प्रत्येकीला विचारा, "तुझी बस कोणत्या गावावरून जाते, जिथे तू कधीच उतरली नाहीस?" जे नाव जास्त जणी घेतील, तिथली तारीख ठरवा. आमचं पुढचं नाव ठरलं आहे दरेकसा, हाजरा धबधबा. पावसाळ्यात जाणार आहोत, रोवणी आटोपली की.