सभासदांची यादी आणि न्यायालयाचा हुकूम
(बॉथेल येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही वैद्यकीय व्यवसायातले, विधिज्ञ नव्हे. परंतु रुग्णाचे नाव बाहेर जाऊ न देणे हा आमच्या व्यवसायाचा पहिला धडा आहे. म्हणूनच नावांच्या एका यादीवरून झालेला खटला आज आपल्यापुढे मांडीत आहोत.

१९५६ साली माँटगोमेरी येथे कृष्णवर्णीयांचा बस-बहिष्कार चालू होता. त्याच वर्षी अलाबामा सरकारने 'एनएएसीपी' या त्यांच्या संघटनेवर दावा लावला. बाहेरच्या राज्यातील या संस्थेने अलाबामात नोंदणी केली नाही, असा आरोप होता. न्यायाधीश वॉल्टर जोन्स यांनी कागदपत्रे हजर करण्याचा हुकूम दिला; त्यात राज्यातील सर्व सभासदांची नावे व पत्तेही मागितले होते. हुकूम पाळला नाही म्हणून न्यायालयाच्या अवमानाबद्दल १०,००० डॉलर दंड झाला. पाच दिवसांच्या मुदतीत संघटनेने इतर कागदपत्रे दिली. सामान्य सभासदांची यादी मात्र दिली नाही. दंड १,००,००० डॉलर झाला.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दोनदा दाद दिली नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात रॉबर्ट कार्टर यांनी बाजू मांडली. ३० जून १९५८ रोजी न्यायमूर्ती हार्लन यांनी एकमताचा निकाल दिला. पूर्वी नावे उघड झाली तेव्हा सभासदांनी नोकऱ्या गमावल्या, धमक्या सोसल्या, हे संघटनेने दाखविले होते. उलट, नोंदणीच्या प्रश्नासाठी सामान्य सभासदांची नावे का हवीत, हे सरकारला दाखविता आले नाही. दंड रद्द झाला. संघटनेवरील बंदी उठण्यास मात्र १९६४ साल उजाडावे लागले.

अमेरिकेच्या संविधानात संघटना स्थापण्याचा हक्क त्या शब्दांत लिहिलेला नाही. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडविलेल्या भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ मध्ये तो स्पष्टपणे आहे.

तथापि हा हक्क निरपवाद नाही. आपल्याच वॉशिंग्टन राज्यातील 'सिएटल टाइम्स विरुद्ध ऱ्हाइनहार्ट' या खटल्यात एका धार्मिक संस्थेला देणगीदार व सभासदांची माहिती देण्याचा हुकूम झाला. परंतु ती माहिती वृत्तपत्राने खटल्याबाहेर वापरू नये, असे बंधनही न्यायालयाने घातले. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते बंधन कायम ठेविले.

शेजारच्या सिएटलच्या नगरपरिषदेने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी जातिभेदाला कायद्याने मनाई केली. तरीही कचेरीत जात कळेल या धास्तीने आपल्या वर्गणीच्या वहीत नाव लिहिण्यास कचरणारी कुटुंबे आहेत. त्यांना भित्री म्हणू नये. त्यांचे नाव ही आपल्याकडे ठेविलेली ठेव आहे. यादी कोणी सांभाळावी, कोणास दाखवावी, हे कार्यकारिणीने लेखी ठरवावे. उद्या न्यायालयाने ती मागितलीच, तर हुकूम दडवू नये आणि यादीही निमूटपणे देऊ नये. वकिलामार्फत उघडपणे हरकत घ्यावी आणि वरच्या न्यायालयाचे दार ठोठवावे. निर्भयपणे नाव लिहिता येईल अशी संस्थाच टिकते.

जयभीम!