चूल आमची, नियम कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



लातूर-नांदेडच्या गावांत बचतगटांबरोबर काम करताना एक गोष्ट वारंवार दिसते. धूर बाईच्या डोळ्यांत जातो, पण चुलीविषयीचे निर्णय तिला न विचारता होतात.

१९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बायका संघटित झाल्या. त्यातूनच ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’चे काम वाढले. २००६ च्या सुमारास त्यांच्या सख्यांनी ‘ऊर्जा’ चूल दारोदार विकली. शेतातल्या काडीकचऱ्याच्या गोळ्यांवर ती कमी धुरात जळे. पुढे चिपाड महागले, गोळ्या महागल्या, चुली कोपऱ्यात गेल्या. त्या काळी गॅसला सरकारी अनुदान होते, गोळ्यांना नव्हते.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅसजोडणी बाईच्या नावावर मिळते. २०२४ च्या सूर्यघर योजनेला मात्र स्वतःचे छप्पर लागते, आणि घराचा नमुना आठ बहुधा नवऱ्याच्या नावावर!

आमच्या गटातल्या एकीला सौर दिव्यांचे दुकान काढायचे होते. बँकेत सांगितले, नवऱ्याची सही आणा. ती परित्यक्ता. सही आणणार कुठून? दुकान राहिलेच.

म्हणजे लाभार्थी म्हणून बाई चालते. धंदा करणारी म्हणून चालत नाही.

म्हणून आपल्या मागण्या तीन: नमुना आठवर बाईचे नाव, नवऱ्याच्या सहीवाचून कर्ज, आणि गावात तयार होणाऱ्या इंधनालाही अनुदान. येत्या ग्रामसभेत नमुना आठपासून सुरुवात करूया. एकट्या नको, गटाने जाऊया.