घर हरवलेले अर्थशास्त्र



जो विषय मी आयुष्यभर शिकवला, त्याच्या नावातच घर आहे. ग्रीक भाषेत ‘ओइकोस’ म्हणजे घर आणि ‘ओइकोनोमिया’ म्हणजे घरसंसाराची व्यवस्था. ‘इकॉनॉमिक्स’ हा शब्द त्यातूनच आला. या शास्त्राला आपल्या उगमाचा विसर पडला की काय होते, ते ग्रीसच्याच उदाहरणाने पाहू.

ओलिंथस हे नगर मॅसिडोनियाच्या फिलिपने इ. स. पूर्व ३४८ मध्ये उद्ध्वस्त केले. तेथील उत्खननात आखीव रस्त्यांलगत दहा-दहा घरांचे गट सापडले. घरे बहुतेक एकाच मापाची, आत अंगण असलेली. परंतु या समानतेने हुरळून जाण्याचे कारण नाही. त्या काळच्या अथेन्समध्ये परक्या रहिवाशाला, म्हणजे ‘मेटिक’ला, खास परवानगीवाचून घर विकत घेता येत नसे. ॲरिस्टॉटलही तेथे मेटिकच होता. गुलाम तर स्वतःच घरमालकाची मालमत्ता!

आता आधुनिक काळाकडे वळू. १९२२ च्या पराभवानंतर आशिया मायनरमधून सुमारे १२ लाख निर्वासित ग्रीसमध्ये आले. देशाची लोकसंख्या तेव्हा ६० लाखही नव्हती. तरीही राष्ट्रसंघाच्या साहाय्याने त्यांच्यासाठी वसाहती उभ्या राहिल्या. १९२९ च्या कायद्याने इमारतीतील एकेका सदनिकेची स्वतंत्र मालकी मान्य केली. दुसऱ्या महायुद्धानंतर जमीनमालक आपला भूखंड कंत्राटदाराला देत आणि मोबदल्यात सदनिका घेत. या पद्धतीने अथेन्सची मोकळी जागा गिळली हे खरे. पण मोठ्या भांडवलावाचून सामान्यांना छप्परही मिळाले. १९५४ पासून कामगार आणि मालक यांच्या वर्गणीवर चालणारी कामगार गृहनिर्माण संस्थाही होती.

ती २०१२ मध्ये कर्जदात्यांच्या अटींपायी बरखास्त झाली. पुढच्याच वर्षी, अडीच लाख युरोंची स्थावर मालमत्ता घेणाऱ्या परदेशी धनिकाला निवास परवाना देणारा कायदा आला. जुना मेटिक तेथे राहत असे, पण घर घेऊ शकत नसे. नवा परदेशी घर घेतो, आणि तेथे राहण्याची त्याला सक्ती नाही! स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचे प्रमाण २००५ मध्ये सुमारे ८५ टक्के होते. २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर आले.

पुढे २०२४ मध्ये अथेन्ससाठी ही मर्यादा आठ लाख युरोंवर नेण्यात आली. २०२५ मध्ये शहराच्या मध्यवर्ती भागात पर्यटकांना अल्पमुदतीने घरे देण्याच्या नव्या नोंदणीवर बंदी आली. हे शहाणपण उशिरा सुचले. शिवाय केवळ बंदीने नवे घर उभे राहत नाही; त्यासाठी मोडलेली संस्था पुन्हा उभारावी लागते. ज्या अर्थव्यवस्थेत कष्टकऱ्याला घर नाही, तिला ‘ओइकोनोमिया’ हे नाव लावण्याचा अधिकार नाही.