घरगल्लीची रुंदी

मुंबईतल्या क्षयाचा इतिहास निम्मा औषधांचा आणि निम्मा खोल्यांचा आहे. १८९६ च्या प्लेगनंतर दोन वर्षांनी इथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत, आणि उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत दाटीवाटीने राहू लागली. तरी ट्रस्टची एक गोष्ट आज आठवावी अशी आहे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेडासाठी ६३.५ अंशांच्या कोनाचा नियम धरला होता. भूमिती बाजूला ठेवली तर त्याचा अर्थ सरळ आहे: इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी मोकळी जागा खिडकीसमोर हवी.

या मोकळ्या जागेचा क्षयाशी संबंध असा: रोग्याच्या खोकल्यातून उडालेले सूक्ष्म कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगतात. वारा त्यांना विरळ करतो, ऊन त्यांतले जंतू मारते. त्यात अर्धपोटी शरीर आणि मध्येच सुटलेले औषध यांची भर पडली की आजार मरणापर्यंत जातो.

गोवंडीतील नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दची लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहती आहेत. झोपडे गेले, २२५ चौरस फुटांचे पक्के घर आले. नटवर पारेखमध्ये तळमजल्यावर सात मजले, म्हणजे वीस मीटरहून अधिक उंची. ऑर यांच्या हिशेबाने दोन इमारतींमधली जागा दहा मीटर तरी हवी, प्रत्यक्षात आहे सुमारे तीन. या घरगल्लीत वरून कचरा पडतो, म्हणून खालचे लोक खिडकी बंद ठेवतात आणि भरदुपारी ट्यूबलाइट लावून स्वयंपाक करतात. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन वसाहतींतले क्षयाचे प्रमाण जवळच्याच, पण ऐसपैस रचनेच्या पीएमजीपी वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त आढळले. गरिबी तिन्हीकडे होती. हा सारा भाग महापालिकेच्या एम-पूर्व विभागातला. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात त्याचा निर्देशांक ०.०५, शहरात सर्वांत खाली होता.

मृत्यूचे विभागवार आकडे मात्र जपून वाचावे लागतात. मृत्यूची नोंद तो जिथे होतो तिथे होते. गोवंडीचा रोगी शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात दगावला, तर राहता पत्ता पाहिल्याशिवाय तो एफ-दक्षिणच्या खात्यात जातो. गावी परतलेला तर शहराच्या हिशेबातूनच सुटतो. गिरणगावातून कोकणात गेलेल्या आजारी कामगारांचे हेच होत असे.

क्षयावरच्या या परिषदेला आलेल्या डॉक्टरांचे, आरोग्यसेविकांचे आणि (यंदा मुद्दाम बोलावलेल्या) वास्तुरचनाकारांचे स्वागत आयोजन समिती करते, ते या शहराच्या अशा दोन नोंदवह्या समोर ठेवून: एक मृत्यूंची, दुसरी इमारतींच्या नकाशांची. उद्याची गोवंडीची फेरी दुपारी बाराला ठेवली आहे. त्या वेळी ऊन डोक्यावर असते, आणि तळमजल्यावरचे दिवे लागलेले असतात.